उपाशी राहूनही जगणारी गाठ

मलकापूर असो की मेहकर, घरात कुणाचे डोळे पिवळे झाले की आपण आधी झाडपाल्याच्या औषधामागे धावतो. बहुधा ती साधी कावीळच असते. पण कधी तिच्यामागे स्वादुपिंडाचा कर्करोग दडलेला असतो. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर १७ मार्च २०१९ रोजी याच आजाराने गेले.

ही गाठ इतकी चिवट का? तिच्यात रक्त कमी पोहोचते. प्राणवायूची, अन्नाची टंचाई असते. अशा ताणात पेशी मरायला हव्यात. या मात्र स्वतःचेच जुने भाग पचवून तगतात. दुष्काळात भांडीकुंडी विकून दिवस काढावेत, तसे! ही युक्ती मोडण्यासाठी मलेरियावरचे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन केमोथेरपीसोबत देऊन पाहिले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्णांचे आयुष्य वाढले नाही. आता इतर औषधांच्या जोडीने प्रयोग होत आहेत.

तोवर आपल्या हाती काय? कावीळ, झपाट्याने घटणारे वजन, पोटातून पाठीत जाणारी कळ, उतारवयात अचानक लागलेला मधुमेह, यांपैकी काही दिसले तर बुलढाण्याचे जिल्हा रुग्णालय गाठा, तपासणी करून घ्या. बिडी सोडा. गाठ पसरलेली नसेल तरच ती कापून काढता येते. झाडपाल्यात गेलेला महिना परत येत नाही, हे आम्ही कळकळीने सांगतो.