तिसऱ्यांमधला पारा, कालवांमधलं कॅडमियम

‘तिसऱ्या रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवल्या की आतली सगळी घाण निघून जाते’ असा समज किनारपट्टीवर पक्का रुजलेला आहे. रेती निघते, हे खरं. स्वच्छ समुद्रपाण्याच्या टाकीत एक-दोन दिवस ठेवल्या तर पोटातले बरेचसे जिवाणूही बाहेर पडतात. कालवं कच्ची खाणाऱ्या देशांत बाजारात पाठवण्याआधी हीच पद्धत वापरतात. पण कॅडमियम किंवा पारा शिंपल्याच्या आतड्यात नुसता पडून नसतो. तो मांसातल्या प्रथिनांना घट्ट धरून बसलेला असतो आणि सुटायला आठवडे, कित्येकदा महिने लागतात. चांगलं उकळूनही फारसं काही साधत नाही. आचेनं जिवाणू मरतात, धातू नाही. उलट शिजताना मांसातलं पाणी आटतं, त्यामुळे तेवढ्याच वजनात धातू किंचित जास्तच भरतो.

याहून मोठा गोंधळ अन्नसाखळीबद्दल आहे. लहान माशाला मोठा मासा खातो आणि प्रत्येक पायरीवर विष वाढत जातं, हे आपण शाळेत शिकलो. मिथिल पाऱ्याच्या बाबतीत ते अगदी खरं आहे. खाडीच्या गाळातले काही जिवाणू साध्या पाऱ्याचं रूपांतर मिथिल पाऱ्यात करतात. पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती तो शोषून घेतात आणि सर्वांत मोठी उडी इथेच पडते: पाण्यात असतो त्याच्या हजारो पट, काही वेळा लाखभर पट पारा या इवल्या पेशींत साठतो. पुढच्या प्रत्येक पायरीवर तो काही पटींनीच वाढतो, पण वाढत राहतो. म्हणून मोठी मुशी, तलवार मासा, मोठा ट्यूना यांच्यात तो सर्वाधिक सापडतो.

कॅडमियम आणि शिसं मात्र सहसा असे पायऱ्या चढत नाहीत. शिसं तर वरच्या पायऱ्यांवर बहुधा कमी होत जातं. शिंपल्यांमध्ये हे धातू येतात ते थेट पाण्यातून आणि पाण्यात तरंगणाऱ्या कणांतून. मोठं कालव अनुकूल स्थितीत दिवसाला शंभराहून जास्त लिटर पाणी गाळतं आणि ते जागचं हलत नाही. समोरून जे वाहत येतं, त्याचा हिशोब त्याच्या शरीरात साठतो. म्हणजे अन्नसाखळीत खालच्या पायरीवर आहे म्हणून शिंपला सुरक्षित, हा निष्कर्ष चुकीचा. आणि शिंपल्यात पारा सर्वांत जास्त, हाही सर्वसाधारणपणे चुकीचा. कोणता धातू आणि कोणती खाडी, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय उत्तर मिळत नाही.

खाडीच वाईट असेल तर काय होतं, ते जपानमधल्या मिनामातानं दाखवलं. चिस्सो कंपनीच्या कारखान्यात अ‍ॅसिटाल्डिहाइड बनवताना पाऱ्याचा वापर होई आणि त्यातून तयार झालेला मिथिल पारा सांडपाण्याबरोबर उपसागरात जाई. आधी मांजरं झटके येऊन मरू लागली. मग मच्छीमारांच्या घरांतली माणसं आजारी पडली: हातपाय बधिर, बोलणं अडखळतं, नजर आक्रसलेली. 1 मे 1956 रोजी या आजाराची अधिकृत नोंद झाली. ही कुटुंबं रोज उपसागरातले मासे आणि शिंपले खात होती आणि त्यांच्या चवीत, वासात, रंगात कसलाही फरक नव्हता. ताजं आणि चवदार म्हणजे निर्धोक, हा समज तिथे माणसांच्या जिवावर बेतला.

‘समुद्र एवढा मोठा, सगळं विरून जातं’ हा समजही तिथेच खोटा ठरला. 1958 मध्ये कंपनीनं सांडपाण्याचा मार्ग बदलून ते मिनामाता नदीच्या मुखाशी सोडायला सुरुवात केली. काही महिन्यांत त्या बाजूच्या वस्त्यांतही रुग्ण दिसू लागले. 1959 मध्ये कारखान्याच्याच रुग्णालयातले डॉक्टर हाजिमे होसोकावा यांनी एका मांजराला ते सांडपाणी अन्नातून दिलं आणि त्याला तोच आजार झाला. कंपनीनं हा निष्कर्ष दडवला. पारा समुद्रात जाणं 1968 पर्यंत थांबलं नाही. ही नऊ वर्षं मला या साऱ्या प्रकरणातला सर्वांत मोठा गुन्हा वाटतात. ज्या आयांना स्वतःला फारसा त्रास नव्हता, त्यांची बाळंही मेंदूला गंभीर इजा घेऊन जन्मली, कारण मिथिल पारा वारेतून गर्भापर्यंत पोहोचतो.

रंगावरून धातू ओळखू आल्याचंही एक उदाहरण आहे, ते तैवानचं. 1986 मध्ये तिथल्या एका किनाऱ्यावर कालवं हिरवी पडली. तो रंग तांब्याचा होता. तांब्याहून कितीतरी घातक असलेल्या कॅडमियमची किंवा पाऱ्याची अशी कोणतीही खूण दिसत नाही.

शिंपल्यांच्या तपासणीत आणखी एक नाव येतं, आर्सेनिक. त्याचा आकडा वाचून मात्र लगेच घाबरू नये. समुद्री खाण्यातलं बहुतेक आर्सेनिक सेंद्रिय रूपात असतं आणि ते शरीराला जवळजवळ निरुपद्रवी आहे. विषारी असतं ते असेंद्रिय आर्सेनिक.

मग शिंपले खाणं सोडायचं का? नाही. अमेरिकी सरकार गर्भवतींना माशांबाबत जो सल्ला देतं, त्यात कमी पाऱ्याच्या यादीत तिसऱ्या, कालवं, कोळंबी, खेकडा हे सगळे आहेत. मात्र ती यादी फक्त पाऱ्याचा विचार करते. माणसाच्या मूत्रपिंडात साठलेलं कॅडमियम निम्मं व्हायलाच दहा ते तीस वर्षं लागतात, म्हणून त्याची काळजी वेगळी घ्यावी लागते. खेकड्याच्या कवचाखालचा तपकिरी मऊ गर ही त्याची पचनग्रंथी असते आणि कॅडमियम नांग्यांतल्या पांढऱ्या मांसापेक्षा तिथे कितीतरी जास्त साठतं. तो गर रोजच्या जेवणात नको. कारखान्यांच्या नाल्यांच्या तोंडाशी, बंदरात किंवा जहाजं दुरुस्त होतात तिथे काढलेल्या तिसऱ्याही घेऊ नयेत.

पण टोपलीतली तिसरी कुठल्या खाडीतली, हे गिऱ्हाइकानं पारखायचं तरी कसं? हे काम सरकारी तपासणीचं आहे. अमेरिकी शास्त्रज्ञ एडवर्ड गोल्डबर्ग यांनी 1975 मध्ये सुचवलं की किनाऱ्याचं प्रदूषण शिंपल्यांमधूनच मोजावं, आणि 1986 पासून अमेरिकेत त्या धर्तीवर नियमित मोजणी सुरू झाली. आपल्या प्रत्येक खाडीतल्या तिसऱ्यांचे आणि कालवांचे असे आकडे दरवर्षी मराठीत, मासळीबाजारात लागले पाहिजेत.