मुंबईच्या मैफलींचा पत्ता

मुंबई शहराच्या सांगीतिक इतिहासाचा विचार करू जाता एक गोष्ट प्रथमदर्शनीच ध्यानात येते, ती अशी की, गाणे कोठे व्हावे आणि किती वेळ चालावे हे या शहरात गवयांनी वा रसिकांनी ठरविल्याचे दाखले विरळा. ते ठरविले जागेच्या भाड्याने, आगगाडीच्या वेळापत्रकाने आणि सरकारी परवान्याने. 1846 साली जगन्नाथ शंकरशेट यांच्या साहाय्याने ग्रँट रोडवर नाटकशाळा उभी राहिली, तेव्हा किल्ल्यातल्या प्रतिष्ठितांना तो भाग आडमार्गाचा वाटे. परंतु जमीन तेथे मिळाली म्हणून नाटकशाळा तेथे झाली, 1853 मध्ये विष्णुदास भावे यांची मंडळी तेथे खेळून गेली, आणि पुढे पारशी, गुजराती, उर्दू मंडळ्यांनी पिलाहाउसच्या परिसरात जे बिऱ्हाड थाटले ते बोलपटांचा अंमल बसेपर्यंत हलले नाही.

गाण्याच्या बैठकीचा खरा मुलूख मात्र गिरगाव. लक्ष्मीबागेच्या दिवाणखान्यात ज्यांनी गाणे ऐकले, त्या पिढीस ध्वनिक्षेपकाची गरज भासत नसे; गवयाच्या षड्जाची आस शेवटच्या रांगेपर्यंत पोचे आणि शेवटच्या रांगेतली दाद गवयाच्या कानी येई. ऑपेरा हाउसच्या बाजूस प्रा. बा. र. देवधरांचे संगीतविद्यालय 1925 पासून चालले, आणि तेथे शिकणारा, शिकविणारा व नुसताच ऐकायला येऊन बसणारा यांच्यात फारसे अंतर राहिले नाही. भाद्रपदात तर वाडीवाडीत, चाळीच्या अंगणात आणि प्रसंगी भर रस्त्यावर मांडव पडत. नामांकित गवई तेथे गात, आणि तिकीट काढण्याची ऐपत नसलेला कारकून सज्जात उभा राहून उत्तररात्रीपर्यंत तेच गाणे ऐके, जे ऐकण्यासाठी संस्थानिकांना पूर्वी बिदागी मोजावी लागे. ख्यालाचा श्रोता मुंबईत घडला तो या अंगणांत, असे माझे मत आहे. परिषदांनी आणि संमेलनांनी त्याचे श्रेय उगाच आपल्याकडे घेतले.

गिरणगावाचा हिशेब निराळा. परळच्या दामोदर नाट्यगृहात 1922 पासून कोकणातल्या कामगारांचे नमन, शक्ती-तुरा आणि दशावतार रंगत, तर लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशाचे फड उतरत. गिरण्या बंद पडल्या आणि हा प्रेक्षक विरार-कल्याणच्या पलीकडे पांगला.

दक्षिणेकडे, ताजमहाल हॉटेलाच्या नृत्यगृहात आणि चर्चगेटच्या उपाहारगृहांत, गोव्याच्या वादकांनी जॅझचा संसार मांडला होता. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले अँटोनियो झेवियर वाझ यांच्यासारखे हे लोक रात्री हॉटेलांत तुतारी फुंकीत आणि दिवसा चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसत. मराठी रसिकाने त्यांचे वादन पडद्यावर ऐकले, पण त्यांचे नाव क्वचितच विचारले. 1978 साली धोबी तलावच्या रंगभवनात ‘जॅझ यात्रा’ झाली आणि सॉनी रॉलिन्ससारखा सॅक्सोफोनवादक उघड्या आभाळाखाली वाजवून गेला. त्या रंगभवनाची आजची मूक अवस्था नियमांनी ओढवलेली आहे. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक नको आणि रुग्णालय, शाळा वा न्यायालय यांपासून शंभर मीटरांत शांतता हवी, हा 2000 सालचा दंडक रुग्णांच्या दृष्टीने न्याय्यच होय. मात्र त्यामुळे दरबारी, मालकंस, अडाणा हे राग उघड्या मांडवांतून जवळजवळ हद्दपार झाले, हेही नमूद करणे प्राप्त आहे.

बंदिस्त सभागृहांना हा नियम लागू नाही, तरी तेथेही रात्र मिळत नाही. 1965 मध्ये उभे राहिलेले दादरचे शिवाजी मंदिर काय किंवा उपनगरांतली नाट्यगृहे काय, भाड्याची वाटणी सकाळ, दुपार, रात्र अशा सत्रांत होते, आणि रात्रीच्या सत्रातही साडेअकरा वाजले की श्रोत्यांचे लक्ष निषादापेक्षा शेवटच्या कर्जत लोकलकडे अधिक लागते; मग विलंबित आटोपते आणि भैरवी अकाली येते. नरिमन पॉइंटचे टाटा थिएटर, 1980 साली फिलिप जॉन्सन यांच्या आराखड्यानुसार बांधलेले, ध्वनिरचनेच्या दृष्टीने या शहरातले सर्वोत्तम, आणि ध्वनिक्षेपकाशिवाय गाणे ऐकू यावे हा त्यामागचा हेतूही स्तुत्य. परंतु डोंबिवलीच्या श्रोत्याला तेथे जाणे म्हणजे अर्ध्या दिवसाची मोहीम.

सांप्रत मुंबईस हजार खुर्च्यांच्या नाट्यगृहांची वाण नाही. वाण आहे ती दीडशे-दोनशे माणसे मांडी घालून बसतील, भाडे हौशी मंडळाच्या आवाक्यात राहील आणि नवख्या गायकास घड्याळाकडे न बघता तीन तास गाता येईल, अशा दिवाणखान्यांची. पार्ले, मुलुंड, ठाणे, डोंबिवली येथील देवस्थाने, ग्रंथालये आणि गृहनिर्माण संस्था यांच्या ताब्यात अशी दालने आहेत, आणि लग्नसराई सोडता ती बहुतांशी कुलूपबंद असतात. त्यांच्या विश्वस्तांनी महिन्यातील एक रविवार, सकाळी सहा ते दहा, नाममात्र भाड्याने गाण्यास द्यावा. सतरंज्या आणि श्रोते यांची तजवीज स्थानिक मंडळे आनंदाने करतील.