आइसलँडची अस्थिर भूमी

आइसलँड हा देश अटलांटिक महासागरातल्या एका प्रचंड भेगेवर उभा आहे. महासागराच्या तळातून उत्तर-दक्षिण धावणारी मध्य-अटलांटिक पर्वतरांग एवढ्या मोठ्या प्रमाणावर पाण्याबाहेर येते ती फक्त इथेच. तिच्या पश्चिमेला उत्तर अमेरिकेचा भूपट्ट, पूर्वेला युरेशियाचा. दोन्ही भूपट्ट वर्षाला सुमारे २ सेंटिमीटर एकमेकांपासून दूर सरकतात आणि मधली फट खालून येणारा शिलारस भरून काढतो. देशाचे क्षेत्रफळ १,०३,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक तृतीयांश. वस्ती मात्र चार लाखांच्याही आत. जमिनीचा सुमारे दहावा हिस्सा हिमनद्यांखाली आहे. खाली आग आणि वर बर्फ, त्यामुळे इथले एकही प्रसिद्ध स्थळ कायमचे घडून स्थिरावलेले नाही.

देशात तीन राष्ट्रीय उद्याने आहेत. त्यांतले सर्वांत जुने थिंगवेलिर, स्थापना १९३०. इथल्या जमिनीला पडलेल्या उभ्या भेगा डोळ्यांना स्पष्ट दिसतात आणि त्यांतल्या अल्मानाग्याउ या सर्वांत मोठ्या घळीतून पायवाट जाते. इ. स. ९३० मध्ये याच कड्यांच्या आधाराने 'आल्थिंग' ही लोकसभा भरू लागली आणि १७९८ पर्यंत इथेच भरत राहिली. सुरुवातीच्या काळात कायदे लिहिलेले नव्हते. एका खडकावर उभे राहून विधिवक्ता दरवर्षी त्यांचा एक तृतीयांश भाग तोंडपाठ म्हणून दाखवी. १७ जून १९४४ रोजी प्रजासत्ताकाची घोषणाही याच मैदानात झाली. जवळच्या सिल्फ्रा नावाच्या भेगेत हिमनदीचे पाणी लाव्हाच्या थरांतून कित्येक दशके झिरपत येते. ते इतके नितळ असते की पाणबुड्यांना शंभर मीटरपर्यंतचे दिसते. इथे दोन खंडांना एकाच वेळी हात लावता येतो, असे वाटाडे सांगतात. पण प्रत्यक्षात फाटणारा पट्टा कित्येक किलोमीटर रुंद आहे.

थिंगवेलिरच्या पुढे स्ट्रोकुर हा उष्णोदकाचा फवारा लागतो. दर पाच-दहा मिनिटांनी कुंडातले पाणी निळ्या घुमटासारखे फुगते आणि पुढच्याच क्षणी १५-२० मीटर उंच उडते. त्याचा शेजारी, जगप्रसिद्ध गायझर, आता बहुतेक वेळ निद्रिस्तच असतो. त्यापुढचा गुल्फॉस धबधबा दोन टप्प्यांत मिळून ३२ मीटर कोसळतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे वीजप्रकल्प उभारण्याचा घाट घातला गेला, तेव्हा जवळच्या शेतघरातली सिग्रिदुर तोमासदोत्तिर त्याविरुद्ध उभी राहिली. ती राजधानी रेक्याविकपर्यंत चालत जाई आणि प्रकल्प झाला तर धबधब्यात उडी घेईन, अशी धमकी तिने दिली होती, असे सांगतात. कोर्टात ती हरली. पण भाडे थकल्याने प्रकल्प उभारू पाहणाऱ्या कंपनीचा करार पुढे रद्द झाला आणि धबधबा वाचला. तिचे वकील स्वेइन ब्योर्नसोन १९४४ मध्ये देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.

पण आइसलँडच्या निसर्गाचे खरे रूप कळते ते आग्नेयेकडच्या वात्नायोकुल उद्यानात. २००८ मध्ये स्थापन झालेल्या या उद्यानाने देशाची सुमारे १४ टक्के भूमी व्यापली आहे आणि २०१९ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. मधोमध आहे साडेसात हजार चौरस किलोमीटरहून मोठी हिमचादर, सरासरी सुमारे ४०० मीटर जाडीची. तिच्या खाली जिवंत ज्वालामुखी आहेत. १९९६ च्या सप्टेंबरअखेरीस त्यांच्यातल्या एका फटीतून उद्रेक सुरू झाला. वितळलेले पाणी लगेच बाहेर आले नाही; ते ग्रिम्सव्होत्न या ज्वालामुखीच्या खोलगट मुखात, बर्फाखाली महिनाभर साठत गेले. शास्त्रज्ञ रोज वाट पाहत होते. ५ नोव्हेंबरला बर्फाचा बांध उचलला गेला आणि जेमतेम दोन दिवसांत कोयना धरण काठोकाठ भरल्यावर मावते त्याहून जास्त पाणी स्केइदारारसांदुरच्या वाळूच्या मैदानावरून समुद्राकडे गेले. ऐन भरात प्रवाह सेकंदाला सुमारे ५०,००० घनमीटर होता आणि त्यात घराएवढे हिमखंड वाहत होते. एक पूल समूळ गेला, दुसऱ्याचे मोठे नुकसान झाले. मैदानात वस्ती नसल्याने आणि रस्ता आधीच बंद केल्याने जीवितहानी झाली नाही. पुलाच्या पिळवटलेल्या लोखंडी तुळया आजही रस्त्याकडेला तशाच ठेवल्या आहेत.

याच हिमचादरीची एक जीभ मागे हटल्याने १९३०च्या दशकापासून योकुल्सारलोन सरोवर तयार झाले. आज ते देशातले सर्वांत खोल सरोवर मानले जाते. त्यात तरंगणारे निळसर हिमनग पाहायला गर्दी लोटते. सरोवर जेवढे मोठे होते, तेवढा बर्फ कमी झालेला असतो.

उद्यानातला स्वार्तिफॉस धबधबा लहानसाच, पण त्याच्या मागची काळ्या बेसॉल्टच्या सहाकोनी खांबांची भिंत पाहण्यासारखी आहे. लाव्हा निवताना आकसतो, पृष्ठभागावर भेगा पडतात आणि थंडावा आत शिरेल तशा त्या सरळ आत उतरत जातात. त्यातून असे खांब बनतात. रेक्याविकच्या हाल्ग्रिम्सकिर्क्या चर्चची रचना या खांबांवरून सुचली. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट टेकडी अशाच खांबांची आहे.

आइसलँडचे दख्खनशी असलेले नाते मात्र लाकी या ज्वालामुखी भेगेपाशी अधिक खोलवर उलगडते. ८ जून १७८३ रोजी इथली जमीन फाटली आणि सुमारे २७ किलोमीटर लांबीच्या रांगेत शंभराहून अधिक मुखांतून आठ महिने लाव्हा वाहत राहिला. सुमारे १५ घन किलोमीटर लाव्हा बाहेर पडला. त्याहून घातक ठरले विषारी वायू. गवतावर फ्लोरिन बसले, ते चरून निम्म्याहून अधिक गुरे-मेंढ्या मेल्या आणि पुढच्या दुष्काळात देशाची सुमारे एक पंचमांश लोकसंख्या दगावली. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी सह्याद्रीचे आडवे थर रचणारे उद्रेकही भेगांमधूनच झाले होते, लाकीच्या कितीतरी पट मोठे. म्हणूनच दख्खनच्या उद्रेकांचे हवामानावर काय परिणाम झाले असतील, याचा अंदाज बांधताना भूशास्त्रज्ञ लाकीकडे वळतात. आज तो लाव्हा करड्या-हिरव्या शेवाळाच्या जाड थराने झाकला आहे. त्यावर पडलेले पाऊल भरून यायला दशके लागतात, म्हणून आखलेल्या वाटेबाहेर जायला मनाई आहे.

तिसरे उद्यान, पश्चिमेचे स्नायफेल्सयोकुल, २००१ चे. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतले वीर पृथ्वीच्या पोटात उतरतात ते इथल्याच ज्वालामुखीतून. त्यावरची हिमटोपी झपाट्याने आक्रसते आहे.

दक्षिण किनाऱ्यापलीकडचे सुर्तसे बेट राष्ट्रीय उद्यान नाही, पण संरक्षण त्यालाच सर्वांत कडक. ज्या उद्रेकातून हे बेट घडले तो १४ नोव्हेंबर १९६३ रोजी समुद्रातून वर आला आणि १९६७ पर्यंत चालला. उघड्या खडकावर जीवसृष्टी आपोआप कशी रुजते हे पाहण्यासाठी तिथे फक्त संशोधकांना जाऊ देतात. बियाणे सोबत जाऊ नये म्हणून त्यांचे सामानही तपासले जाते. तरीही एकदा तिथे टोमॅटोचे रोप उगवले. चौकशीअंती ते कुणा माणसाच्या विष्ठेतून आल्याचे उघड झाले आणि रोप उपटून टाकले. शेवाळ, गवत, समुद्रपक्षी मात्र स्वतःच्या वाटेने आले. लाटांच्या माऱ्याने बेट झिजून आता मूळच्या निम्म्यावर आले आहे.