वृंदावनांतील वलीमुख

पूर्वींच्या काळीं यात्रेला निघणाऱ्या माणसाला वाटेवरच्या चोरांचें भय असे. आगगाडी झाली, सडका झाल्या, आणि तें भय पुष्कळसें ओसरलें. परंतु उत्तरेकडील कांहीं क्षेत्रांत व शहरांत त्या जागीं एक निराळ्याच जातीचा वाटमाऱ्या येऊन बसला आहे. तो भरदिवसां, शेंकडों लोकांदेखत माणसाच्या नाकावरील चष्मा उतरवून घेतो आणि खंडणी मिळेपर्यंत परत देत नाहीं. हा वाटमाऱ्या म्हणजे तांबड्या तोंडाचें माकड होय. गेल्या हिवाळ्यांत मथुरा व वृंदावन पाहण्यास गेलों असतां त्याची व आमची गांठ पडली. ती हकीकत यात्रेचा बेत करणाऱ्या कुटुंबांस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहों.

प्रथम या प्राण्याची ओळख करून घेऊं. काळ्या तोंडाचें, लांब शेपटीचें तें वानर आणि लहान चणीचें तें माकड, हा भेद आपल्याकडे खेड्यांतील मुलांनाही ठाऊक असतो. उत्तरेकडील माकड या दोहोंहून वेगळें. अंग भुरकट, तोंड व बूड तांबडें, शेपूट आंखूड. त्याची वस्ती साधारणपणें तापी व गोदावरी यांच्या उत्तरेस आहे. शास्त्रज्ञ त्याला ऱ्हीसस म्हणतात. १९४० सालीं लँडस्टायनर व वीनर यांनीं रक्तांतील ज्या घटकाचें वर्णन केलें, त्याचें 'आरएच' हें नांव याच माकडावरून पडलें आहे. आपल्या अमरकोशांत वानराचीं जीं नांवें आहेत त्यांत 'वलीमुख' म्हणजे सुरकुतलेल्या तोंडाचा, आणि 'वनौकस्' म्हणजे वन हेंच ज्याचें घर, अशीं दोन नांवें आहेत. पहिलें नांव आजही तंतोतंत जुळतें. दुसऱ्याचा अर्थ मात्र वृंदावनांत तरी उरलेला नाहीं. तेथें वन नांवापुरतें राहिलें असून गच्च्या, विजेच्या तारा व देवळांचे कठडे हेंच या प्राण्याचें घर झालें आहे.

आमच्याबरोबर आमच्या वहिनी, पुतण्या व त्याचा नऊ वर्षांचा मुलगा अशीं माणसें होतीं. वहिनींचें वय ७६. लहानपणापासून त्यांना जाड भिंगांचा चष्मा आहे, व तो नसल्यास चार हातांवरील माणूस त्यांना ओळखूं येत नाहीं. आमच्या थोरल्या बंधूंच्या हयातींत ही यात्रा तीन वेळां ठरली आणि तीनही वेळां घरच्या अडचणींमुळें राहिली. त्यामुळें बांकेबिहारीचें दर्शन ही त्यांच्या मनांतील एक राहिलेली गोष्ट होती.

सकाळीं मथुरेंतील सरकारी वस्तुसंग्रहालय पाहिलें. कलेक्टर ग्राउस या इंग्रज गृहस्थानें तें १८७४ सालीं स्थापन केलें. कुशाण राजा कनिष्क याचा शिर नसलेला पुतळा येथें आहे. अंगांत लांब झगा, पायांत जाड बूट, हातांत तरवार. "डोकेंच नाहीं, मग हा कनिष्क हें कसें कळलें?" असें मुलानें विचारलें. झग्यावर ब्राह्मी लिपींत कोरलेलें नांव आम्हीं त्याला दाखविलें, तेव्हां त्याचें समाधान झालें.

साडेदहाच्या सुमारास वृंदावनांत पोंचलों. रिक्षावाल्यानें उतरण्यापूर्वींच बजावलें, "चश्मा जेब में रख लीजिए, माताजी." पुतण्यानें आपला चष्मा खिशांत घातला. वहिनींना तें शक्य नव्हतें. चष्मा काढला तर पायऱ्या दिसेनात, आणि ठेवला तर माकडांचें भय! शेवटीं पुतण्यानें त्यांचा हात धरला व आम्ही गोविंददेवाच्या मंदिराकडे निघालों.

हें मंदिर अंबरचा राजा मानसिंग यानें १५९० सालीं बांधविलें. तांबड्या दगडाचें तें भव्य काम पाहतांना मान आपोआप वर जाते. पायऱ्यांच्या मध्यावर आम्ही असेंच पाहत उभे असतां कठड्यावरून एक माकड वहिनींच्या खांद्यावर उतरलें आणि डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच चष्मा घेऊन पुन्हां कठड्यावर जाऊन बसलें. त्यानें पळून जाण्याची घाई केली नाहीं. आमच्याकडे तोंड करून, चष्म्याची एक काडी दांतांत धरून तें स्वस्थ बसून राहिलें. इतक्यांत एक पोऱ्या धांवत आला. त्यानें आंब्याच्या रसाची पुडी वर फेंकली. माकडानें ती एका हातानें झेलली व दुसऱ्या हातांतील चष्मा सोडून दिला. पोऱ्यानें आमच्याकडून दोनशें रुपये घेतले. चष्म्याचें डावें भिंग फुटलें होतें, उजवें शाबूत होतें.

एवढ्यावर भागलें असतें तर तो एक विनोदाचा प्रसंग झाला असता. परंतु वहिनींच्या कानामागें नखाचा ओरखडा उठला होता. रक्त आलें नव्हतें. तुळशीच्या माळा विकणाऱ्या एका बाईनें तो पाहतांच साबणाची वडी पुढें केली व नळाकडे बोट दाखविलें. तेथें पंधरा मिनिटें वाहत्या पाण्याखालीं ओरखडा धुतला. आतां पुढें काय? मंदिर दुपारीं बंद होतें, आणि संध्याकाळच्या गाडीचीं तिकिटें काढलेलीं होतीं. पुतण्या म्हणाला, "काका, आधीं दर्शन करून घेऊं. सुई काय, घरीं जाऊनही टोंचतां येईल." वहिनींचाही कल तिकडेच होता. "भाऊजी, एवढी दाराशीं आलें, आणि ओरखड्यासाठीं परत फिरूं?" असें त्या म्हणाल्या. आम्हीं मात्र दवाखान्याचाच आग्रह धरला. देव सायंकाळीं पुन्हां दार उघडतो. पिसाळ रोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागल्यावर तें दार बहुधा कायमचेंच बंद होतें.

दवाखान्यांत त्याच दिवशीं लशीचा पहिला डोस मिळाला. तेथील डॉक्टरांनीं सांगितलेला नियम सर्वांनीं लक्षांत ठेवावा. माकडाच्या दांताचा किंवा नखाचा ओरखडा उठला, तर रक्त आलें नसलें तरीही लस घ्यावी. रक्त आलें असेल, तर लशीबरोबर जखमेभोंवतीं प्रतिद्रव्याचेंही इंजेक्शन द्यावें लागतें. पुढचे डोस नेमून दिलेल्या दिवशीं, न चुकतां, आपल्या गांवीं घेतले तरी चालतात. हळद, चुना, तिखट असें कांहींही जखमेला लावूं नये.

गाडीचीं तिकिटें रद्द केलीं, निधिवन व रंगजीचें देऊळ राहिलें, आणि सायंकाळपर्यंत आम्ही धर्मशाळेच्या ओसरीवर बसून राहिलों. बांकेबिहारीच्या मंदिरांत मूर्तीसमोर पडदा असतो व तो क्षणोक्षणीं ओढतात. वहिनींनीं डावा डोळा हातानें झांकून, उजव्या भिंगांतून, तीन वेळां पडदा उघडेपर्यंत दर्शन घेतलें. बाहेर येऊन त्या एवढेंच म्हणाल्या, "यांना सांगण्याजोगें पाहिलें."

आतां या माकडांना ही विद्या कोणी शिकविली? उत्तर अवघड नाहीं. बाली बेटांत उलुवातू येथें समुद्रकांठच्या कड्यावर एक देऊळ आहे. तेथील लांब शेपटीचीं माकडेंही यात्रेकरूंच्या वस्तु पळवून खाण्याच्या बदल्यांत परत करतात. कॅनडांतील लेथब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनीं त्यांचा अभ्यास करून २०२१ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. कोणत्या वस्तूसाठीं माणूस अधिक देतो हें प्रौढ माकडांना नेमकें कळतें, व तींच वस्तु तीं निवडतात. लहान पिल्लांना हा विवेक नसतो. म्हणजे हें ज्ञान उपजत नसून अनुभवानें येतें, आणि तो अनुभव देणारे आपणच. चष्मा घेतल्यावर पुडी मिळते, हा पाठ वृंदावनांत रोज पाहिजे तितक्या वेळां गिरविला जातो. अशा शाळेंत विद्यार्थी नापास कसा व्हावा?

उपाय झालेच नाहींत असें नाहीं. १९९७ च्या जानेवारींत वृंदावनांतून सुमारें ६०० माकडें पकडून दूरच्या वनांत सोडलीं. तीं तेथें नीट रुळलीं, असें त्या कामाच्या अहवालांत नमूद आहे. तरीही आज वृंदावन माकडांवांचून नाहीं. मादीला साधारण साडेपांच महिन्यांत पिल्लूं होतें, आणि जेथें अन्न आयतें मिळतें तेथें रिकामी जागा फार काळ रिकामी राहत नाहीं. हिमाचल प्रदेशांत २००६-०७ पासून माकडांची नसबंदी करण्यांत येत आहे. दिल्लींत २००७ सालीं माकडांना हांकलतांना गच्चीवरून पडून खुद्द उपमहापौरांचा मृत्यु झाला, आणि त्याच वर्षीं तेथील माकडें पकडून शहराबाहेरील अभयारण्यांत नेण्याचा आदेश उच्च न्यायालयानें दिला. २०२२ सालच्या कायद्यानें, जो १ एप्रिल २०२३ पासून अंमलांत आला, हें माकड वन्यजीवांच्या संरक्षित सूचींतून वगळलें आहे. पण सूचींत असो वा नसो, केळें देणारा हात थांबल्याशिवाय यांतील एकही उपाय टिकणार नाहीं.

आमचे कांहीं स्नेही यावर म्हणतील, मारुतिरायाच्या वंशाला चार चणे घालणें हें पुण्यच आहे. भूतदया आम्हांलाही मान्य आहे. परंतु दान देणारा घटकाभरांत गाडींत बसून जातो, आणि त्याच्या दानाचा परिणाम तेथें राहणाऱ्यांना बारा महिने भोगावा लागतो. वृंदावनांत घराघरांच्या सज्जांना जाळ्या लावलेल्या दिसतात. माणसें पिंजऱ्यांत व माकडें मोकळीं! ज्या दयेनें प्राण्याला भीक व दरोडा यांखेरीज दुसरा धंदा उरत नाहीं, तिला दया म्हणावें कीं काय, याचा विचार झाला पाहिजे.

जाणाऱ्यांसाठीं चार सूचना देऊन लेख पुरा करतों. खाण्याची पिशवी हातांत उघडी धरूं नये. माकडाच्या डोळ्यांत रोखून पाहूं नये व दांत दाखवून हसूं नये. त्याच्या भाषेंत तें आव्हान ठरतें. वस्तु ओढली गेल्यास झोंबाझोंबी न करतां सोडून द्यावी, कारण बहुतेक चावे तेव्हांच बसतात. ज्यांचें चष्म्यावांचून चालत नाहीं त्यांनीं दोन माणसांच्या मधून चालावें, आणि एक जुना चष्मा पिशवीच्या तळाशीं बांधून न्यावा. आणि मुलांना केळें द्यावयाची हौस असेल, तर तें त्यांनीं स्वतःच, धर्मशाळेचें दार लावून, खावें.