कुंपणावरचे शेवाळ आणि पंपाची धार

अकोले तालुक्यात पश्चिमेला घाटघर, रतनवाडी, साम्रद अशी गावे आहेत. ती सह्याद्रीच्या अगदी कडेला वसलेली. ह्या भागाला डांगाण म्हणतात. इथे पाऊस एकदा लागला की दोन-दोन महिने दम घेत नाही. घाटघरला तर लोक नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. चांगल्या साली तिथे पाच हजार मिलिमीटरपर्यंत पाऊस होतो. आणि ह्याच जिल्ह्यात पूर्वेला, कर्जत-पाथर्डीकडे, पाचशे-सहाशे मिलिमीटर झाला तरी शेतकरी खूश! जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. पाऊस मात्र होता तसाच आहे, एका अंगाला धो धो आणि एका अंगाला कोरडा.

तर डांगाणात दसऱ्याच्या सुमारास पाहा. घराभोवतीचे लाकडी कुंपण हिरवेगार झालेले असते. फाटक काळे पडलेले असते. हात लावला तर बुळबुळीत लागते. पूर्वी बायामाणसे खराटा आणि काथ्या घेऊन बसत, आणि घासून घासून खांदे दुखून येत. आता गावोगाव पंप आले आहेत. टोमॅटोवर औषध मारायचा पंप असतो. जीप धुवायचा पंप असतो. नातू म्हणतो, "आजी, तू हो बाजूला. पंप लावतो. पाच मिनिटांत चकाचक करून देतो." आजी म्हणते, "लाव बाबा, पण बेताने लाव."

आजीचे बोलणे खरे आहे. बेताने का लावायचा, ते आता पाहू.

मोटारसायकलच्या चाकात आपण हवा भरतो. दुकानदार तीस पॉइंट म्हणतो. म्हणजे दर चौरस इंचाला तीस पौंड दाब. गाडी धुण्याचा साधा घरगुती पंप घ्या. त्याच्या पाण्याचा दाब दीड हजार पौंडांच्या आसपास असतो. म्हणजे चाकाच्या पन्नासपट! नोझलमधून सुटताना ते पाणी ताशी चारशे किलोमीटरहून अधिक वेगाने जाते. फवारणीच्या पंपाचा दाब याहून पुष्कळ कमी असतो. पण तोही गमतीचा नव्हे.

ही धार जवळून अंगावर आली तर कातडे फोडून आत शिरते. आणि इथेच माणूस फसतो. वरून फक्त एक बारीक भोक दिसते, बाभळीचा काटा टोचल्यासारखे. रक्त फारसे येत नाही. पहिल्यांदा दुखतही नाही. माणूस हळद दाबतो आणि कामाला लागतो. पण पाणी, घाण आणि पंपातले तेल-औषध आत मांसात पसरलेले असते. काही तासांनी बोट सुजते, ठणकते, बधिर होते. उशीर झाला तर बोट कापावे लागते. म्हणून भोक केवढे आहे ते पाहत बसू नका. चोळू नका, आवळून बांधू नका. ताबडतोब मोठ्या सरकारी दवाखान्यात जा. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, "पंपाच्या धारेने लागले आहे." हे शब्द सांगितलेच पाहिजेत. नाहीतर साधी जखम समजून पट्टी बांधली जाईल. औषधाचा पंप असेल तर औषधाची बाटली बरोबर न्या.

अशी इजा बहुधा दोन प्रकारे होते. एक म्हणजे पोरे चेष्टेने एकमेकांवर धार सोडतात. दुसरी, पाइप गळतो आणि माणूस हाताने चाचपून गळती शोधतो. गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरा, हात नको. पंप बंद केला तरी पाइपात दाब उरतो. आधी घोडा दाबून तेवढे पाणी सोडून द्या. मगच नोझल काढा.

आता लाकडाकडे वळू. शेवाळ लाकूड खात नाही. ते नुसते वर बसते. लाकडावर करड्या-हिरव्या खपल्या दिसतात ना, त्या आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या भाऊबंद. त्याही लाकूड खात नाहीत. लाकूड खाते ती बुरशी. बुरशीला ओल लागते. लाकूड वाळून कोरडे राहिले तर बुरशीचे काही चालत नाही. शेवाळाचा दोष एवढाच, की ते ओल धरून ठेवते.

म्हणजे खरा वैरी ओल आहे, हिरवा रंग नव्हे. हे ध्यानात आले की पंपाची गंमत कळते. धार जवळ धरली की शेवाळाबरोबर लाकडाचा मऊ भागही निघतो. फळीवर लव उभी राहते, जुन्या घोंगडीसारखी. फळी पांढरी दिसते आणि नातू खूश होतो. पण त्या लवेत पुढच्या मृगात पाणी मुरते. पुढच्या साली कुंपण दुप्पट हिरवे! शिवाय फटीत, खिळ्यांच्या भोकांत पाणी घुसते ते वेगळेच. कुंपणानेच शेत खाल्ले म्हणतात, तसे धुण्यानेच कुंपण खाल्ले म्हणायची पाळी येते.

कारवीच्या कुडाला आणि मातीच्या भिंतीला तर पंप दाखवूच नका. सगळा लिंपा खाली येईल. बांबूच्या कामट्यांनाही खराटाच बरा.

धुवायचे केव्हा? भर पावसाळ्यात मुळीच नको. दसरा-दिवाळीच्या मध्ये, सलग चार-पाच दिवस ऊन पडेल असे दिसले की धुवा. सकाळी दव उडाल्यावर सुरू करा आणि दुपारपर्यंत संपवा. रात्रीच्या गारठ्याआधी लाकडाला ऊन मिळाले पाहिजे.

आदल्या दिवशी कुंपणाच्या बुडाचे गवत आणि पाचोळा काठीने ओढून काढा. हात घालू नका. डांगाणात फुरसे आहे, हे सांगायला नको. गांधीलमाश्यांचे पोळेही पाहून घ्या. मग बादलीभर पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा घाला. ते पाणी ब्रशाने शेवाळाला लावा आणि दहा-पंधरा मिनिटे राहू द्या. हातात रबरी मोजे असू द्या. इतके केले की शेवाळ निम्मे सुटते, जोराचे कामच राहत नाही. माझ्या मते लहान कुंपण असेल तर पुढचे काम ब्रश आणि दोन बादल्या पाणी एवढ्यावर भागते. पंप भाड्याने आणायची गरज नाही.

पंप लावायचाच असेल तर नोझल फिरवून धार पंख्यासारखी पसरट करा. सुईसारखी बारीक धार लाकडावर कधीच नको. दोन फुटांवरून सुरुवात करा. शेवाळ निघत नसेल तर थोडे पुढे या, पण एका फुटाच्या आत जाऊ नका. उभ्या फळीवर धार उभीच फिरवा, आडवी नको. हात चालता ठेवा. शिडीवर चढून धार सोडू नका, कारण पंप मागे धक्का देतो आणि पायाखाली चिखल असतो. पायात गमबूट आणि डोळ्यांवर चष्मा पाहिजे. लाकडाची कुसळे कुठे उडतील त्याचा नेम नसतो. पोरे, कोंबड्या आणि गुरे लांब ठेवा.

जुना रंग पोपडे धरून असेल तर त्यावर धार मारू नका. जुन्या रंगात शिसे असू शकते. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे २०१७ पासून कडक मर्यादा आली. त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. पोपडे अंगणात पडतात आणि रांगते मूल तोंडात घालते. टीसीएल पावडर कोणी वापरत असेल तर तिच्यात संडासाचे अ‍ॅसिड कदापि मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो.

औषधाचा पंप असेल तर आधी तीन-चार वेळा साध्या पाण्याने खळबळून घ्या. ते पाणी विहिरीकडे किंवा ओढ्याकडे जाऊ देऊ नका.

आणि वीज. ओले अंग, ओली जमीन आणि विजेची तार हे तीन एकत्र आले की घात होतो. पंपाला तीन पिनांचाच प्लग हवा, अर्थिंग नीट हवे आणि लाइनवर ईएलसीबी हवा. हे यंत्र वीज गळताच क्षणात लाइन तोडते. वायरचा जोड जमिनीवर पडू देऊ नका, उंच कोरड्या जागी टांगा. मीटरच्या पेटीकडे धार जाता कामा नये. पंप इंजिनावरचा असेल तर तो उघड्यावरच चालवा. बंद पडवीत धुराने माणूस गुदमरतो. रानडुकरांसाठी कुंपणाला झटका मशीन जोडले असेल तर ते आधी बंद करा. काही ठिकाणी लोक तारेत थेट घरची वीज सोडतात. तो गुन्हा आहे. अशा तारेला चिकटून शेजारपाजारची माणसे मेली आहेत, घरचीही मेली आहेत.

धुऊन झाले की कुंपण चार-पाच दिवस उन्हात वाळू द्या. मग फळीवर पाण्याचा एक थेंब टाकून पाहा. थेंब लगेच मुरला तर लाकूड तेल प्यायला तयार आहे. रंगाच्या दुकानात उकळलेले जवसाचे तेल मिळते. त्याचा एक पातळ हात द्या, वाळला की दुसरा द्या. खांबाचा जमिनीलगतचा भाग सगळ्यांत आधी कुजतो, तिथे डांबर लावा. तेलाच्या चिंध्या मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल वाळताना तापते आणि बोळा आपोआप पेट घेतो. त्या चिंध्या अंगणात एकेक पसरून वाळवा. खडखडीत झाल्या की मग उकिरड्यावर टाका.