बरोबरी झाली, मग दिव्या जिंकली कशी?

मागच्या कार्यक्रमानंतर एका बचत गटातून फोन आला. ताई विचारत होत्या, "नागपूरची दिव्या देशमुख बुद्धिबळात जिंकली म्हणता, पण डाव तर बरोबरीत सुटले होते. मग ती जिंकली कशी?" आम्हालाही चटकन सांगता येईना. म्हणून आधी आम्ही समजून घेतले, आणि आज तुम्हाला सांगतो.

स्पर्धा होती महिलांचा विश्वचषक, जुलै २०२५ मधली. ठिकाण जॉर्जिया देशातले बाटुमी, काळ्या समुद्राच्या काठावरचे शहर. या देशात बायकांचे बुद्धिबळ जुने आहे. आपण लेकीला सासरी जाताना भांडी देतो, तसा तिथे पूर्वी बुद्धिबळाचा पट देत, असे सांगतात. ग्रँडमास्टर हा सर्वांत मोठा किताब मिळवणारी जगातली पहिली बाई नोना गाप्रिंदाश्विली तिथलीच. तिला तो १९७८ साली मिळाला.

खेळाडू होत्या १०७. जोडीजोडीने खेळायचे, हरली ती घरी. शेवटी दोघी उरल्या आणि दोघीही आपल्याच: १९ वर्षांची दिव्या आणि ३८ वर्षांच्या, आंध्रच्या कोनेरू हम्पी.

आता त्या ताईंचा प्रश्न. प्रत्येक जोडी आधी दोन मोठे डाव खेळते, दोन दिवसांत दोन. एकेक डाव चार-चार तास चालू शकतो. जिंकले की एक गुण, बरोबरी झाली की दोघींना अर्धा-अर्धा. अंतिम फेरीचे दोन्ही मोठे डाव बरोबरीत गेले. एक एक गुण. मग २८ जुलैला जलद डाव ठेवले.

जलद डावात प्रत्येकीला मिळतात फक्त १५ मिनिटे. टेबलावर घड्याळ असते. आपली चाल झाली की बटण दाबायचे. आपला वेळ थांबतो, समोरचीचा सुरू होतो. प्रत्येक चालीला १० सेकंद वाढवून मिळतात, एवढाच दिलासा. गावात नळाला पाणी पंधरा मिनिटेच येणार हे ठाऊक असताना हंडे भरायचे, तसे समजा. काय आधी भरायचे हे माहीत असते, पण हात घाईने चुकतात. आणि वेळ संपला तर पटावर बाजू कितीही चांगली असो, डाव हातचा जातो.

गंमत अशी की जलद डावात हम्पीताई भारी, असे सगळे धरून होते. मुलगी झाली तेव्हा त्या खेळापासून दूर राहिल्या होत्या. परत आल्या आणि २०१९ मध्ये जलद बुद्धिबळाच्या जगज्जेत्या झाल्या. २०२४ मध्ये पुन्हा. पण इथे एक गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. उपांत्य फेरीत चीनच्या लेइ टिंगजीशी त्यांचे दोन मोठे डाव बरोबरीत सुटले, आणि मग एकाच दिवशी सहा छोटे डाव खेळून त्या जिंकल्या. मध्ये एक डाव हरून मागेही पडल्या होत्या. दिव्याने मात्र चीनच्याच तान झोंगयीला मोठ्या डावांतच हरवले होते, त्यामुळे तिला एक दिवस विसावा मिळाला. तेवढ्यानेच निकाल फिरला असे आम्ही म्हणणार नाही, पण दमलेल्या डोक्याने हिशेब करणे काय असते ते आपल्याला ठाऊक आहे.

पहिला जलद डाव ८१ चालींनंतर बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी, म्हणजे पहिली चाल समोरचीची. हम्पीताईंचा वेळ संपत आला, घाईत चूक झाली. दिव्याची बाजू वरचढ झाली, पण तिच्याही हातून चुका झाल्या आणि डाव निसटता निसटता राहिला. मग पुन्हा हम्पीताई चुकल्या. निकाल अडीच विरुद्ध दीड. दिव्या उठली, तिथेच असलेल्या आईला बिलगली आणि रडू लागली.

या विजयाने ती थेट ग्रँडमास्टर झाली. एरवी त्यासाठी ठरावीक दर्जाची कामगिरी तीन वेगवेगळ्या वेळी करावी लागते. तिच्या नावावर त्यातली एकही नव्हती. भारतातली ती चौथी महिला ग्रँडमास्टर. पहिल्या कोण? हम्पीताईच, २००२ साली. तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता!

एक चूक मात्र सुधारू. काही जणी दिव्याला "जगज्जेती" म्हणतात. हा विश्वचषक होता. जगज्जेतेपदाचा सामना वेगळा असतो. त्यासाठी आधी आव्हानवीर ठरवणारी 'कँडिडेट्स' नावाची स्पर्धा जिंकावी लागते, आणि बाटुमीतून त्या स्पर्धेत दिव्या आणि हम्पीताई दोघींनाही जागा मिळाली. बक्षीस दिव्याला ५० हजार डॉलर, हम्पीताईंना ३५ हजार.

आमच्यात मात्र अजून दोन तट आहेत. तरुण पोरी दिव्याच्या बाजूने, आम्ही पोरंबाळंवाल्या हम्पीताईंच्या.

फोन करणाऱ्या ताई, मिळाले का उत्तर? घोडा अडीच घरे कसा चालतो आणि उंट तिरकाच का जातो, ते पुढच्या वेळी. पोरांच्या दप्तरात पट असेल तर काढून ठेवा.