केळीच्या नावामागचा वाडा



खानदेशात केळी लावणाऱ्या घरातल्या बायकांना बसराई ओळखीची, आणि टिश्यू कल्चरची जी-नाईनही. या दोन्ही जाती ज्या गटात येतात, त्याला कॅव्हेंडिश म्हणतात. हे एका इंग्रज घराण्याचं आडनाव आहे. थंडीच्या मुलखातल्या माणसांचं आडनाव केळीला कसं लागलं, ते आज सांगते. त्या निमित्ताने त्यांचा वाडाही बघू. तिकीट काढलं की तो कुणालाही बघता येतो.

वाड्याचं नाव चॅट्सवर्थ. इंग्लंडच्या मध्यावर डर्बीशायर हा डोंगराळ, मेंढरांचा जिल्हा आहे. तिथे डर्वेंट नदीच्या काठी हा वाडा उभा आहे. 1549 साली बेस नावाच्या बाईने नवऱ्याला आग्रह करून ही जमीन घ्यायला लावली, कारण तिचं माहेर त्याच जिल्ह्यातलं. तीन वर्षांनी बांधकाम सुरू झालं. पुढे वाडा बराचसा नव्याने बांधला गेला, पण घराणं तेच राहिलं. त्यातल्या कर्त्या पुरुषाला डेव्हनशायरचे ड्यूक म्हणतात.

वाड्यात चित्रं, पुतळे, रंगवलेली छतं खूप आहेत. मला विचाराल तर वेळ बागेला द्यावा. बाग 105 एकरांची आहे, आणि त्यात बघण्यासारखी गोष्ट म्हणजे पाणी. डोंगरावर तळी खणली, तिथून नळाने पाणी खाली आणलं, आणि उताराच्या जोरावर कारंजी उडवली. पंप नाही, वीज नाही. 1844 साली रशियाचा बादशहा येणार म्हणून सगळ्यात उंच कारंजं बांधलं. त्यासाठी मजुरांनी रात्रीसुद्धा मशालींच्या उजेडात तळं खणलं. बादशहा आलाच नाही! कारंजं मात्र राहिलं.

ते बांधणारा जोसेफ पॅक्स्टन शेतकऱ्याचा मुलगा. 1826 मध्ये, तेविसाव्या वर्षी, तो इथे मुख्य माळी झाला. मॉरिशसहून आलेलं केळीचं रोप त्याने काचघरात लावलं. भट्टी पेटवून ऊब दिली, भरपूर पाणी, भरपूर खत दिलं. 1835 च्या नोव्हेंबरात केळफूल आलं आणि पुढच्या वर्षी घड हाती आला. मालकाच्या आडनावावरून त्या केळीचं नाव कॅव्हेंडिश पडलं. पुढे मिशनऱ्यांनी इथली रोपं पार सामोआ बेटांपर्यंत नेली.

या देखाव्याची दुसरी बाजूही आहे. एडन्सर हे गाव वाड्यातून दिसायचं. तेव्हाच्या ड्यूकना ते नजरेसमोर नको होतं, म्हणून त्यातली बरीच घरं पाडून डोळ्याआड नवी बांधली. नवी घरं देखणी आहेत, लोक कौतुकाने फोटो काढतात. पण जुनी घरं सोडताना तिथल्या बायकांना कुणी विचारलं असेल, असं मला वाटत नाही.

मग 1950 साली वाड्यावरच पाळी आली. तेव्हाचे ड्यूक अचानक वारले. मालमत्ता मुलाच्या नावावर केली होती, पण कर माफ व्हायला त्यानंतर पाच वर्षं जगायची अट होती आणि त्याला काही आठवडे कमी पडले. कर किती, तर शंभर रुपयांच्या मालमत्तेवर ऐंशी रुपये. हजारो एकर जमीन गेली, नामवंत चित्रं गेली, बेसनेच बांधलेला हार्डविकचा वाडाही द्यावा लागला. फेड व्हायला पंधरा वर्षांहून जास्त लागली.

नव्या ड्यूकची बायको डेबोरा हौसेने कोंबड्या पाळणारी. घराला मिळकत हवी, हे तिने ओळखलं. 1973 मध्ये तिने मुलांना गाईची धार बघता येईल असा गोठा सुरू केला. 1977 मध्ये पिल्सली गावात, घोड्यांच्या जुन्या पागेत, दुकान काढलं. सुरुवातीला तिथे आपल्याच शेतातल्या जनावरांचं मांस विकलं. आता आसपासच्या शेतकऱ्यांचा मालही असतो: चीज, पाव, मुरंबे, भाजी. इतक्या मोठ्या घरच्या बाईने खाटकाचं दुकान काढायचं, हे त्या काळी सगळ्यांना रुचलं नसणार. तिने काढलं, आणि ते आजही चालू आहे.

जवळच्या बेकवेल गावी एक पुडिंग मिळतं. पापुद्र्यांच्या पारीत जॅमचा थर, त्यावर अंडं, लोणी, साखर आणि बदामाचं मिश्रण घालून भट्टीत भाजतात. मूळ कृती आमचीच, असं एकापेक्षा जास्त दुकानं सांगतात. मला मात्र सांगावीशी वाटते ती ओटकेक. नाव केकचं, पण ओटचं आणि गव्हाचं पीठ कालवून, यीस्ट घालून फुगवायचं आणि तव्यावर पसरायचं. वरून चीज किंवा तळलेलं डुकराचं मांस. आंबोळी घालणाऱ्या बाईला ती शिकायला अर्धा दिवससुद्धा लागणार नाही.